ई-बुक रीडर निवडताना : इंदूरच्या मराठी वाचकापुढचा प्रश्न

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात तीन वेळा भरले. १९१७ मध्ये गणेश जनार्दन आगाशे, १९३५ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष अध्यक्षस्थानी होत्या. होळकरांच्या काळापासून या शहरात मराठी बोलली, लिहिली आणि वाचली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या १२ लाखांहून अधिक आहे. तरीही इंदूरच्या मराठी वाचकाची अडचण जुनीच आहे. मराठी प्रकाशकांची मुख्य बाजारपेठ पुण्या-मुंबईत आहे आणि ती सुमारे ६०० किलोमीटर दूर आहे. नवे पुस्तक टपालाने मागवावे लागते, जुने मिळत नाही आणि दुर्मीळ ग्रंथ पाहायचा तर प्रवासच करावा लागतो. गोव्यातील वाचकालाही ही स्थिती कमी-अधिक प्रमाणात परिचयाची आहे.

ई-पुस्तकाने हे अंतर कमी केले, यात शंका नाही. मात्र ई-बुक रीडर विकत घेताना मराठी वाचकाने इंग्रजी वाचकाचे निकष जसेच्या तसे उचलले, तर पैसे वाया जाण्याची शक्यता असते. इंग्रजी वाचक आधी यंत्र निवडतो. पुस्तके त्या यंत्रासाठी तयार असतातच. मराठी वाचकाने हा क्रम उलटा करावा लागतो. आपण जी पुस्तके वाचणार ती कोणत्या स्वरूपाच्या फाइलींत मिळतात, हे आधी पाहावे. त्या फाइली कोणत्या स्क्रीनवर नीट दिसतील, हे त्यानंतर. आणि कंपनीचे नाव सर्वांत शेवटी.

स्क्रीन : कागदासारखी आणि काचेसारखी

ई-बुक रीडर आणि टॅबलेट यांतील मूळ फरक स्क्रीनचा आहे. टॅबलेट किंवा मोबाइलची स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते आणि एका सेकंदात सहसा ६० किंवा अधिक वेळा चित्र नव्याने रंगवते. ई-बुक रीडरची स्क्रीन मात्र ‘ई-इंक’ या तंत्रावर चालते. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमधील संशोधनातून १९९७ मध्ये ई-इंक ही कंपनी निघाली. २००९ मध्ये ती एका तैवानी कंपनीने विकत घेतली. या स्क्रीनमध्ये केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे रंगकण द्रवात तरंगत असतात व त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. वीज दिली की त्या क्षणापुरते काळे कण वर येतात किंवा पांढरे. एकदा पान उमटले की ते टिकवून ठेवण्यासाठी वीज लागत नाही. म्हणूनच या यंत्राची बॅटरी तासांऐवजी आठवड्यांच्या हिशेबात चालते.

अशी स्क्रीन बाहेरचा प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे भर उन्हात ती अधिकच स्पष्ट दिसते. रात्रीच्या वाचनासाठी कडेला बसवलेले बारीक दिवे स्क्रीनच्या पृष्ठभागावर प्रकाश पसरवतात. तो प्रकाश थेट डोळ्यांत येत नाही. प्रकाशाची पिवळसर छटा कमी-जास्त करण्याची सोय असलेले यंत्र घेतल्यास रात्रीचे वाचन सुखकर होते.

या तंत्राच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. पान बदलताना स्क्रीन क्षणभर लुकलुकते. मागील पानाची पुसट छाया कधीकधी राहते. चित्रफीत पाहण्यास ही स्क्रीन निरुपयोगी आहे. शिवाय बहुतेक यंत्रांत तिच्या खाली काचेचा पातळ थर असतो; पिशवीत दाब पडला तर तो तडकतो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीजवळ जातो. जाड आवरण, म्हणजे कव्हर, ही येथे चैन नसून गरज आहे.

ठिपक्यांची घनता आणि देवनागरी

स्क्रीनची सूक्ष्मता एका इंचातील ठिपक्यांवरून मोजतात. जुन्या ६ इंची यंत्रांत ६०० गुणिले ८०० ठिपके असत. म्हणजे इंचाला सुमारे १६७. आजच्या चांगल्या ६ इंची यंत्रांत १०७२ गुणिले १४४८ ठिपके असतात. म्हणजे इंचाला ३००. रोमन लिपीला कमी ठिपक्यांवर भागते. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार व पाय मोडल्याची खूण असते. ठिपके विरळ असले की ‘र्कि’ आणि ‘किं’ यांतील भेद पुसट होतो आणि जोडाक्षरे काळा डाग बनतात. म्हणून मराठी वाचनासाठी इंचाला ३०० ठिपके ही किमान अट धरावी. स्वस्त मिळते म्हणून वापरलेले जुने यंत्र घेणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

रंगीत ई-इंक स्क्रीन आता बाजारात आल्या आहेत. त्यांत प्रचलित असलेल्या ‘कॅलिडो ३’ या प्रकारात काळी-पांढरी अक्षरे इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतात, परंतु रंग १५० ठिपक्यांनीच. वर रंगगाळणीचा थर असल्याने पार्श्वभूमी किंचित करडी दिसते. बालसाहित्य, नकाशे किंवा दिवाळी अंकांतील चित्रे पाहणाऱ्यांना रंगाचा उपयोग आहे. कादंबरी आणि चरित्रे वाचणाऱ्याला साधी काळी-पांढरी स्क्रीन अधिक स्वच्छ वाटेल.

फाइलींचे स्वरूप : वाहते आणि थिजलेले

ई-पुस्तकाच्या फाइली मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात मजकूर वाहता असतो. वाचकाने अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात आणि पाने वाढतात. ‘ईपब’ हे या प्रकारचे सर्वमान्य स्वरूप. ते २००७ मध्ये प्रमाणित झाले, २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली आणि २०१७ पासून संकेतस्थळांची मानके ठरवणारी डब्ल्यू३सी ही संस्था त्याची देखरेख करते. ईपब फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक गाठोडे आहे : त्यात प्रकरणे, चित्रे, अक्षरवळण आणि मांडणीच्या सूचना एकत्र बांधलेल्या असतात. केवळ मजकुराचे पुस्तक असल्यास फाइल लहानशी असते.

अ‍ॅमेझॉनच्या किंडलने स्वतःची वेगळी वाट धरली. मोबीपॉकेट ही फ्रेंच कंपनी अ‍ॅमेझॉनने २००५ मध्ये घेतली आणि तिच्या ‘मोबी’ स्वरूपावर किंडलची उभारणी केली. पुढे ‘एझेडडब्ल्यू३’ आणि ‘केएफएक्स’ ही स्वरूपे आली. किंडल ईपब फाइल थेट उघडत नाही. मात्र २०२२ पासून ‘सेंड टू किंडल’ या सेवेमार्फत ईपब पाठवता येते आणि ती वाटेत रूपांतरित होते. पुढे या सेवेने मोबी फाइली घेणे थांबवले. जुन्या मोबी फाइलींचा संग्रह असणाऱ्यांनी त्या ईपबमध्ये बदलून ठेवणे शहाणपणाचे आहे. त्यासाठी कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेली ‘कॅलिबर’ ही संगणक प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे.

दुसरा प्रकार ‘पीडीएफ’. १९९३ मध्ये अडोबीने आणलेले हे स्वरूप छापील पानाचे हुबेहूब चित्र जपण्यासाठी घडवले गेले. त्यातील पान थिजलेले असते. अक्षर मोठे करायचे तर पूर्ण पानच मोठे होते आणि ओळ स्क्रीनबाहेर जाते. येथेच मराठी वाचकाची खरी अडचण सुरू होते, कारण विनामूल्य आणि कायदेशीररीत्या मिळणारी बहुतांश मराठी पुस्तके पीडीएफमध्ये आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी जुन्या छापील पानांची छायाचित्रे आहेत.

स्क्रीनचा आकार : साधे गणित

मराठी पुस्तकांचा एक सर्वपरिचित आकार डेमी, म्हणजे सुमारे १४ गुणिले २१.५ सेंटिमीटर. ६ इंची स्क्रीन सुमारे ९ गुणिले १२ सेंटिमीटरची असते. डेमी आकाराचे पान तिच्यावर पूर्ण बसवले तर ते मूळच्या ५७ टक्के होते. १२ पॉइंटाचे अक्षर जेमतेम ७ पॉइंटाचे दिसते. ७ इंची स्क्रीनवर तेच पान ६६ टक्के, ७.८ इंचीवर सुमारे ७४ टक्के आणि १०.३ इंचीवर जवळपास मूळ आकाराचे दिसते.

यावरून निष्कर्ष सरळ निघतो. ज्याचे वाचन प्रामुख्याने विकतच्या, वाहत्या मजकुराच्या ई-पुस्तकांचे आहे, त्याला ६ किंवा ७ इंच पुरे. जुने ग्रंथ, कोश, बखरी, संशोधनपत्रिका यांच्या पीडीएफ वाचणाऱ्याने १० इंचांच्या आसपासच्या यंत्राकडेच पाहावे; लहान स्क्रीनवर त्या वाचणे डोळ्यांना शिक्षा ठरते. मधला मार्गही आहे. संगणकावरील साधनांनी किंवा यंत्रातील सोयीने पानाच्या कडा कापल्या आणि यंत्र आडवे धरून अर्धे-अर्धे पान वाचले, तर ७ इंची स्क्रीनवरही काम भागते. मात्र मोठे यंत्र महाग आणि जड असते, हेही लक्षात ठेवावे.

मराठी अक्षराची कसोटी

संगणकात ‘कि’ हे अक्षर ‘क’ आणि ‘वेलांटी’ या क्रमाने साठवलेले असते; वेलांटी ‘क’च्या आधी दाखवणे, जोडाक्षर घडवणे, रफार योग्य जागी नेणे हे काम यंत्रातील प्रणालीचे. ती प्रणाली जुनी किंवा अपुरी असेल तर वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरे सुटी पडतात. हिंदी नीट दिसते म्हणून मराठीही नीट दिसेल, असे गृहीत धरू नये. ‘कुऱ्हाड’ आणि ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र, ‘ॲप’मधील ॲ, ही मराठीची खास गरज आहे. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये समाविष्ट झाले. त्याआधीच्या अक्षरवळणांत ते सापडतेच असे नाही.

यंत्र घेण्यापूर्वी एक छोटी चाचणी करता येते. ‘कुऱ्हाड, वाऱ्यावर, ॲप, बॅट, लक्ष्मी, शृंगार, राष्ट्र, उज्ज्वल, वैशिष्ट्य, आर्द्र, बाळ’ एवढे शब्द असलेली एक ईपब फाइल तयार करावी आणि ओळखीच्या माणसाच्या यंत्रावर उघडून पाहावी. एकही शब्द बिघडला, तर दोष फाइलीचा की यंत्राचा हे तीच फाइल मोबाइलवर उघडून ठरवावे. किंडल आणि कोबो या दोन्ही यंत्रांत ‘फाँट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये आपल्या पसंतीचे अक्षरवळण टाकता येते. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’ यांसारखी विनामूल्य युनिकोड वळणे त्यासाठी उपयोगी पडतात.

इंदूरकर वाचकाला आणखी एक सूक्ष्म भेद जाणवेल. तेथे दुकानांच्या पाट्यांपासून शालेय पुस्तकांपर्यंत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे दिसतात. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात ही रूपे प्रमाण मानली. अनेक आधुनिक अक्षरवळणांत दोन्ही रूपे असतात आणि पुस्तकाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली असेल तर मराठी रूप उमटते. घरात ईपब तयार करणाऱ्यांनी भाषेच्या रकान्यात ‘हिंदी’ राहून जाऊ देऊ नये. हिंदी शाळेत शिकणाऱ्या नातवंडांना मराठी पुस्तक हाती द्यायचे असेल, तर ही लहानशी नोंदही मोलाची ठरते.

जुन्या पीडीएफचा प्रश्न वेगळा. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाई श्रीलिपी, शिवाजी, आकृती अशा निरनिराळ्या अक्षरसंचांत होई. त्यांतील फाइल डोळ्यांना मराठी दिसते. पण त्यातील मजकूर शोधता येत नाही आणि ईपबमध्ये बदलला तर रोमन चिन्हांचा ढीग हाती येतो. पीडीएफमधील एक ओळ कॉपी करून मोबाइलच्या संदेशात चिकटवून पाहावी. मराठीच उमटली तर फाइल युनिकोड आहे. अगम्य चिन्हे आली तर ती जुन्या संचातली. काहीच निवडले गेले नाही तर ते छायाचित्र. छायाचित्रातून मजकूर काढण्यासाठी ‘टेसरॅक्ट’ ही मुक्त प्रणाली मराठी ओळखते, पण तिच्या मजकुराचे मुद्रितशोधन माणसालाच करावे लागते.

पुस्तके कोठून मिळवावीत

डिसेंबर २०१६ मध्ये किंडलच्या भारतीय दुकानात मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके आली. पुण्याच्या बुकगंगाची ई-पुस्तके तिच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडतात. ती किंडलवर वाचता येत नाहीत. त्यामुळे किंडल घेतल्यावर बुकगंगावरील आवडीच्या लेखकासाठी पुन्हा मोबाइलकडे वळावे लागते. ज्यांना दोन्हींकडील पुस्तके एकाच ई-इंक स्क्रीनवर हवी आहेत, त्यांच्यासाठी ओनिक्स कंपनीची ‘बूक्स’ यांसारखी अँड्रॉइडवर चालणारी यंत्रे आहेत. त्यांत निरनिराळी ॲप टाकता येतात. मात्र बॅटरी तुलनेने लवकर उतरते आणि वापर किंचित गुंतागुंतीचा आहे. परदेशातून मागवलेल्या यंत्राच्या वॉरंटीची आणि दुरुस्तीची सोय भारतात आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

विनामूल्य साहित्यही विपुल आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने पीडीएफमध्ये मिळतात. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ उपलब्ध करून दिले आहेत. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक जुनी पुस्तके अक्षर-अक्षर तपासून युनिकोडमध्ये आणतात; तेथून ईपब उतरवून घेता येते, आणि ६ इंची यंत्रासाठी हाच सर्वोत्तम स्रोत आहे. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तके विनामूल्य वितरित करते.

कायद्याची मर्यादाही सोपी आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. मध्य भारताशी ज्यांचे आयुष्य जोडलेले होते ते कवी भा. रा. तांबे १९४१ मध्ये निवर्तले. त्यांची कविता २००२ पासून मुक्त आहे. हयात किंवा अलीकडे निवर्तलेल्या लेखकांच्या पीडीएफ समूहांवर फिरत असतात. त्या उतरवणे म्हणजे मराठी लेखक-प्रकाशकाचे आधीच तुटपुंजे उत्पन्न बुडवणे होय.

विकत घेतले, पण मालकी कोणाची?

छापील पुस्तक विकत घेतले की ते आपले होते. उसने देता येते, ग्रंथालयाला दान करता येते, मुलांसाठी ठेवता येते. ई-पुस्तकाच्या बाबतीत वाचकाला बहुधा केवळ वाचण्याचा परवाना मिळतो. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ची विकलेली प्रत ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली, विक्रेत्याकडे हक्क नव्हते, हे कारण होते, आणि कंपनीने पुढे क्षमा मागितली. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकण्याची सोयही बंद झाली. कॅलिफोर्नियात २०२५ च्या आरंभापासून लागू झालेल्या कायद्यानुसार विक्रेत्याला ‘हा केवळ परवाना आहे’ असे स्पष्ट सांगावे लागते. भारतातील ग्राहकाने ही गोष्ट स्वतःच लक्षात ठेवावी.

करातही फरक आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकावर जुलै २०१८ पासून ५ टक्के कर आहे.

ज्या घरांत आजोबांच्या कपाटातील पुस्तके तिसऱ्या पिढीपर्यंत आली, त्या घरांसाठी हा प्रश्न तांत्रिक नाही. महाराष्ट्राबाहेर भाषा टिकते ती घरातील बोलण्यावर आणि हाती लागणाऱ्या पुस्तकांवर. एका व्यक्तीच्या खात्याला बांधलेले पुस्तक त्या व्यक्तीबरोबर संपू शकते. म्हणून जपून ठेवायची पुस्तके छापील घ्यावीत किंवा कुलूप नसलेल्या ईपबमध्ये. एकदा वाचून सोडायची पुस्तके परवान्यावर घेण्यास हरकत नाही. मुक्त फाइलींची एक प्रत संगणकावर आणि दुसरी वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

ज्येष्ठ वाचक आणि क्षीण दृष्टी

ई-बुक रीडरचा सर्वाधिक लाभ ज्येष्ठांना होतो, कारण जाड अक्षरांची मराठी पुस्तके बाजारात अत्यल्प आहेत. मात्र हा लाभ केवळ वाहत्या मजकुराच्या फाइलींत मिळतो. आई-वडिलांसाठी यंत्र घेणाऱ्यांनी ७ इंची स्क्रीन, पिवळसर प्रकाशाची सोय आणि हलके वजन यांना प्राधान्य द्यावे. बोटाने स्क्रीन दाबणे जमत नसेल तर पान उलटण्याचे बटण असलेले यंत्र शोधावे. यंत्र हाती देण्यापूर्वीच अक्षराचा आकार ठरवून, आठ-दहा पुस्तके भरून द्यावीत; रिकामे यंत्र दोन दिवसांत कपाटात जाते.

ज्यांना छापील मजकूर वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी कायदा अनुकूल आहे. दृष्टिबाधितांना सुलभ स्वरूपात पुस्तके मिळावीत यासाठीच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात अशा वाचकांना नोंदणी करता येते.

थोडक्यात निवड

नव्या कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्याने ६ ते ७ इंची, इंचाला ३०० ठिपक्यांची काळी-पांढरी स्क्रीन घ्यावी. मराठी पुस्तकांच्या संख्येमुळे आणि दुरुस्तीच्या सोयीमुळे भारतात किंडलचे पारडे सध्या जड आहे. विकिस्रोत आणि मुक्त ईपब यांवर भर देणाऱ्याने ईपब थेट उघडणारे कोबो किंवा पॉकेटबुक विचारात घ्यावे, पण मराठी अक्षराची कसोटी घेतल्याखेरीज नाही. अभ्यासकाने १० इंची यंत्राचा खर्च करावा. एकाहून अधिक विक्रेत्यांची पुस्तके घेणाऱ्याने अँड्रॉइडवरील ई-इंक यंत्र पाहावे. ज्याचे वाचन महिन्याला एखाद्या पुस्तकापुरते आहे, त्याने मोबाइलवरच महिनाभर ई-पुस्तक वाचून पाहावे. सवय जडली तर यंत्र घ्यावे, न जडल्यास तेवढ्या पैशांत घरात छापील मराठी पुस्तकांची एक रांग उभी राहते.